लहानपणीचा हिरो मोठेपणी परत वाचून बघितलाय का कुणी?

अडगळीतला_वाचक:

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, तर सांभाळून घ्या.

झालं असं की माझी मुलगी, वय वर्षं नऊ, परवा झोपायच्या वेळी विचारते, बाबा तू लहान असताना तुझा हिरो कोण होता. मी एका सेकंदात सांगितलं, वेताळ. ती म्हणाली तो झाडावर लटकणारा? म्हटलं तो नाही गं, तो वेगळा, माझा वेताळ म्हणजे जांभळ्या घट्ट कपड्यातला, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, ज्याला ठोसा मारेल त्याच्या जबड्यावर कवटीचा शिक्का कायमचा उठतो. आता तिला बघायचाच होता. माझ्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे अंक एकत्र शिवलेला एक जाडजूड खंड आहे, काकाने करून दिलेला, मी तो कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. तो काढला, मांडी घालून बसलो आणि मोठ्या आवाजात वाचायला लागलो.

दहा मिनिटांत माझी पार वाट लागली.

तिचा पहिला प्रश्न, याच्या डोळ्यांना बुबुळं का नाहीत, याला दिसतं कसं. हा ठीक होता. दुसरा प्रश्न, जंगलात एवढे लोक राहतात तर भांडण झालं की सगळे यालाच का विचारायला येतात, त्यांना स्वतःला काही कळत नाही का. मी म्हटलं अगं तो शूर आहे ना. ती म्हणाली ते पण शूर असतील की, ते तर तिथेच जन्मले. मग तिसरा, याचे बाबा पण वेताळ, आजोबा पण वेताळ, असे एकवीस वेताळ झाले तर त्यातली एकपण मुलगी कशी नाही.

मला खरंच उत्तर देता येईना. आणि वाईट म्हणजे ती झोपल्यावर मी एकटाच पुढे वाचत बसलो आणि मलाही सगळीकडे तेच दिसायला लागलं. गोरा माणूस सिंहासनावर, आजूबाजूला भाले घेऊन उभे असलेले बुटके लोक. तीस-पस्तीस वर्षं मी हे पुस्तक जपलं आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

तर प्रश्न असा की तुमचा लहानपणीचा जो कोण असेल तो, पुस्तकातला, कॉमिकमधला, टीव्हीवरचा, त्याला मोठेपणी परत जाऊन भेटलात का? टिकला का? की भेटायलाच नको होतं असं झालं? माझ्या पोरीला काय सांगू तेही सुचवा.

कवटीगुहा:

वेताळावर धागा आणि मी गप्प बसणार, शक्य नाही.

दादा, आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घ्या कारण ते तुमच्या पोरीला आवडेल. बाई वेताळ होऊन गेलीय. ज्युली नावाची, एका जुन्या वेताळाची जुळी बहीण, भाऊ अंथरुणाला खिळलेला असताना तिने त्याचा पोशाख चढवला आणि जंगल सांभाळलं. आणि एकविसाव्या वेताळाला पण जुळीच आहेत, मुलगा किट आणि मुलगी हेलॉइज. तेव्हा बाविसावं कोण होणार हा विषय उघडाच आहे म्हणा.

बुबुळांचं असं की वेताळाचे निर्माते ली फॉक म्हणायचे की जुन्या ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळं नसतात आणि त्याने चेहरा गूढ वाटतो, तिथून ही कल्पना आली. पुढे बॅटमॅन वगैरे सगळ्या मुखवटेवाल्यांनी तेच उचललं. वेताळ १९३६ चा, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधीचा, हे लोक विसरतात आणि मग माझी चिडचिड होते.

आता दुसरा प्रश्न, तो अवघड आहे, मान्य. त्याची सुरुवातच गोंधळाची आहे, पहिल्या काही गोष्टींत ते जंगल आशियात कुठेतरी होतं, वाघ वगैरे होते, नाव पण बंगालच्या जवळ जाणारं, नंतर हळूहळू ते अख्खं जंगल आफ्रिकेत सरकलं. आपल्या इंद्रजालवाल्यांनी तर तिसरंच केलं, त्या देशाचं नाव डेंकाली करून टाकलं म्हणजे आपल्या वाचकाला उगाच ओळखीचं वाटायला नको. म्हणजे लिहिणाऱ्यालाही खऱ्या जंगलाशी फार देणंघेणं नव्हतं, त्याला एक लांबचं ठिकाण हवं होतं जिथे काहीही घडू शकतं. पण म्हणून तुमच्या मुलीचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. माझ्या डोक्यात तो कधी आला नाही कारण मी स्वतःला कायम मुखवट्याच्या आत धरत होतो, भालेवाल्यांत कधीच नाही. हे आत्ता लिहिताना कळलं, आणि थोडं कसंतरीच वाटलं.

तरी मी वाचतो. दरवर्षी वाचतो. कवटीवर हात ठेवून शपथ घेतानाचं चित्र आलं की अजून काटा येतो, त्याला काय करणार.

राधेय_नको:

आयडीवरून कळलंच असेल. माझा हिरो कर्ण. आठवीच्या सुट्टीत मृत्युंजय वाचली आणि नंतरची निदान पाच वर्षं मी कर्ण होतो, म्हणजे वर्गात कुणी माझ्यावर अन्याय केला (अन्याय म्हणजे काय तर कबड्डीच्या टीममध्ये घेतलं नाही) की मी मान खाली घालून मनातल्या मनात सूतपुत्राचे डायलॉग म्हणायचो. घरी कुणी काही मागितलं की लगेच देऊन टाकायचो, दानशूर ना, त्यात माझी चांगली कंपासपेटी गेली ती गेलीच.

मग कॉलेजमध्ये एका मित्राने डिवचलं की अरे तू कादंबरी वाचलीस, महाभारत कधी वाचलंस? म्हणून भाषांतर घेऊन बसलो आणि पहिलाच दणका द्यूतसभेचा. तिथे विकर्ण, म्हणजे दुर्योधनाचाच सख्खा भाऊ, उठून म्हणतो की हे चाललंय ते चूक आहे, आणि त्याला गप्प कोण बसवतं तर आमचा हिरो. द्रौपदीला नको ते बोलतो, वर दुःशासनाला सांगतो की हिची वस्त्रं काढ. मी पुस्तक मिटून ठेवलं, खरंच दोन दिवस उघडलं नाही. मग पुढे घोषयात्रा. गंधर्वांनी मार मार मारलं, कर्णाचा रथ मोडला आणि हा दुसऱ्याच्या रथात उडी मारून निघून गेला, दुर्योधन तिकडे पकडला गेला आणि सोडवायला आले कोण, तर पांडव. मैत्रीसाठी जीव देणारा म्हणून ज्याची मी पूजा केली तो मित्राला टाकून पळाला हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

आणि तो स्वयंवराचा प्रसंग, मी सूतपुत्राला वरणार नाही, ज्याच्यावर माझी सगळी सहानुभूती उभी होती, तर भांडारकर संस्थेने देशभरातली हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती काढली तिच्या मूळ पाठात ते वाक्यच नाही. आता बोला. माझा राग राग झाला, कर्णाचा, लेखकाचा, मित्राचा, सगळ्यांचा. (लेखकावरचा राग नंतर गेला. कादंबरी आहे ती, त्यात कर्ण स्वतःच स्वतःची बाजू सांगतोय, तो स्वतःविरुद्ध साक्ष कशाला देईल.)

पण थांबा, इथेच संपत नाही. उद्योगपर्वात पोचलो. कृष्ण त्याला एकट्याला रथात घेऊन जन्माचं सांगतो, म्हणतो तू थोरला, चल, राज्य तुझं. आणि कर्ण नाही म्हणतो ते आपल्याला माहिती आहेच, पण तो अजून दोन गोष्टी बोलतो. एक म्हणजे हे युधिष्ठिराला कळू देऊ नको, कारण त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. दुसरी म्हणजे दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना जे कडू बोललो त्याचा आता मला पश्चात्ताप होतोय. बस. एवढंच. रडणं नाही, कुणी माझ्यावर अन्याय केला असं नाही. आपण चुकीच्या बाजूला आहोत, आपण वाईट वागलो, आपली बाजू हरणार आहे, हे तिन्ही त्याला ठाऊक आहे आणि तो परत त्याच बाजूला जाऊन उभा राहतो.

आठवीतला माझा कर्ण बिचारा होता, हा बिचारा नाहीये. हा मला जास्त आवडतो, पण याच्यासारखं व्हावंसं मात्र वाटत नाही.

(लई मोठं झालं. सॉरी.)

कवटीगुहा:

@राधेय_नको कंपासपेटी 😂😂

शेवटचा परिच्छेद मात्र भारी.

गिरकी_मास्टर:

इतकं खोल काही नाही माझ्याकडे. शक्तिमान. १९९७ ला दूरदर्शनवर सुरू झाला तेव्हा मी बरोब्बर त्या वयाचा होतो. एक हात वर करून जागेवर गिरकी घ्यायची की झालं. मी बेडवर घेतली, कपाटाचा कोपरा लागला, भुवईवर तीन टाके, अजून खूण आहे. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं तर मी सांगितलं पडलो, कारण शक्तिमानला दोष द्यायचा नव्हता.

परत बघितला, युट्यूबवर. अर्धा एपिसोड. स्पेशल इफेक्ट बघून बायको इतकी हसली की मी बंद केला. पण एक सांगतो, गंगाधर, म्हणजे शक्तिमानचं रोजचं साधं रूप, अजून आवडतो. दात पुढे, चष्मा, कुणी विचारत नाही, आणि तो मजेत आहे. सुपरमॅनचा क्लार्क केंट पण तसाच की. मला वाटतं उडण्यापेक्षा ते जास्त भारी होतं, की आपल्याला सगळे बावळट समजतायत आणि आपल्याला खरं काय ते माहितीये.

शाईचे_डाग:

मी लिहू का नको करत होते पण कर्णावरची पोस्ट वाचून राहवलं नाही.

माझी ज्यो. लिटल विमेन मधली, मी आधी शांताबाई शेळक्यांच्या भाषांतरात भेटले तिला, चौघीजणी. घरात आम्ही पण बहिणीच, मी दुसरी, म्हणजे ठरूनच गेलं. ज्यो माळ्यावर बसून लिहायची म्हणून मी पण जिन्याखालच्या जागेत वही घेऊन बसायचे, बोटांना शाई लागली पाहिजे म्हणून मुद्दाम लावून घ्यायचे. खरी गंमत तर पुढे आहे, त्यात एमी रागाच्या भरात ज्योचं हस्तलिखित जाळून टाकते ना, तर माझ्या धाकटीने माझी कवितांची वही बादलीत बुडवली होती, आणि मला दुःख होण्याऐवजी मनातून आनंद झाला, की चला आता मी खरी ज्यो झाले. वही गेल्याचं दुःख दुसऱ्या दिवशी झालं.

आणि माझा एकच राग होता, ज्यो त्या प्रोफेसरशी लग्न का करते. लॉरी एवढा चांगला. त्याला नाही म्हणते आणि हा कोण कुठला वयाने मोठा, दाढीवाला, छत्री घेऊन येतो. शेवटची प्रकरणं मी वाचायचेच नाही, पुस्तक आपलं आधीच संपवायचे.

मोठी झाल्यावर लेखिकेबद्दल वाचलं आणि उडालेच. पहिला भाग १८६८ मध्ये आला, आणि मुलींची पत्रं यायला लागली की ज्यो कुणाशी लग्न करणार, लॉरीशीच ना? ऑल्कॉट स्वतः आयुष्यभर एकटी राहिली, तिला ज्योला पण तसंच ठेवायचं होतं, लिहिणारी, एकटी. डायरीत चिडून लिहिलंय तिने की जसं काही बाईच्या आयुष्याचं लग्न हेच एक ध्येय आहे, मी कुणाला खूश करायला ज्योचं लॉरीशी लग्न लावणार नाही. पण लग्नच न लावणं वाचकांच्या रेट्यापुढे तिला जमलं नाही, म्हणून दुसऱ्या भागात मुद्दाम असा नवरा काढला की जो कुणीच मागितला नव्हता. म्हणजे मी बारा वर्षांची असताना ज्या गोष्टीवर एवढी चिडले होते ती गोष्ट लेखिकेने माझ्यासारख्याच पोरींवर चिडून लिहिली होती!! दीडशे वर्षांनी बरोबर पोचला तिचा राग.

त्यानंतर परत वाचली, या वेळी शेवटपर्यंत. प्रोफेसर अजून आवडत नाही. पण केस कापून विकते त्या रात्रीचं जे आहे, दिवसभर सगळ्यांसमोर हसत हसत मिरवते आणि रात्री अंधारात मेगला तिचं रडणं ऐकू येतं, मेगला वाटतं वडिलांसाठी रडतेय आणि ही म्हणते नाही, केसांसाठी. लहानपणी मी हे वाचून पुढे गेले होते. आता तिथेच थांबले. शूर दाखवलेल्या पोरीला लेखिकेने केसांसाठी रडू दिलं.

धागाकर्त्यांना, तुमच्या मुलीने दहा मिनिटांत जे विचारलं ते मला विचारायला पंचवीस वर्षं लागली, तिला काही सांगायच्या भानगडीत पडू नका, तीच सांगेल.

दुय्यम_भूमिका:

एक वेगळा मुद्दा. सगळेजण मेन हिरो घेऊन बसलेत. मला कायम बाजूचा माणूस आवडायचा. होम्स नाही, वॉटसन.

कारण सांगतो. होम्ससारखं होणं आपल्या आवाक्यात नव्हतं, बुटाच्या चिखलावरून माणूस कुठून आला वगैरे मी करून बघितलं, सगळे अंदाज चुकले. वॉटसन होणं जमण्यासारखं होतं. बरोबर जायचं, घाबरायचं पण जायचं, आणि नंतर लिहून ठेवायचं.

परत वाचला का? अनेकदा. आणि मजा अशी की लहानपणी ज्या चुका दिसल्या नव्हत्या त्या दिसतात. त्याला अफगाणिस्तानात गोळी लागलीय ना, तर १८८७ च्या पहिल्या कादंबरीत ती खांद्याला आहे, दुसरीत सरळ पायात. नाव जॉन, पण एका गोष्टीत त्याची बायकोच त्याला जेम्स म्हणते. म्हणजे डॉइलसाहेबांनाच त्याच्याकडे नीट लक्ष द्यायला वेळ नव्हता. मला यावरून तो अजूनच आपला वाटायला लागला, ज्याने निर्माण केला त्याच्या पण नीट लक्षात नाही.

आणि एक. छप्पन्न गोष्टींपैकी दोन होम्स स्वतः सांगतो. जन्मभर तो वॉटसनला टोमणे मारत आला की तू माझ्या शास्त्राच्या सुरस कथा करून टाकल्यास. स्वतःवर लिहायची पाळी आली तेव्हा पहिल्याच पानात कबूल करतो की हातात लेखणी घेतल्यावर कळतंय, वाचकाला गोडी वाटेल असंच लिहावं लागतं. आणि त्या दोन गोष्टी, माझ्या मते, सगळ्यात फिक्या गोष्टींपैकी आहेत. वॉटसन कुठे काही बोलत नाही, पण जिंकला तो.

सायकल_पंक्चर:

फास्टर फेणे कुणीच कसा घेतला नाही अजून??? सगळे परदेशात नाहीतर द्वापारयुगात.

बनेश फेणे. काटकुळा, सायकल, आणि काही सुचलं की ट्टॉक्. हा आवाज मला कधीच काढता आला नाही. जीभ टाळूला लावून प्रयत्न केले, कुणी तो ट असा काढायचं कुणी टॉक असं, वर्गात यावर भांडणं झाली, कारण पुस्तकात नुसतं लिहिलेलं, ऐकवणार कोण. मोठं झाल्यावर परत वाचला आणि छान टिकला आहे हो. मला वाटतं कारण लेखक भा. रा. भागवतांनी त्याला कुठलीच शक्ती दिली नाही. ना अंगठी, ना कवचकुंडलं, ना गिरकी. तो संकटात अडकतो कारण नको तिथे नाक खुपसतो, आणि सुटतो कारण पोरगं चपळ आहे आणि डोळे उघडे ठेवतं. गुंड मात्र आता फारच बावळट वाटतात. एवढे मोठे मोठे गुन्हेगार आणि पोराच्या समोर सगळा प्लॅन बोलून दाखवतात.

भागवतांनीच ज्यूल व्हर्न पण मराठीत आणला, त्यातला कॅप्टन निमो हा माझा दोन नंबर. त्याचं सांगतो आणि थांबतो. पाणबुडीच्या गोष्टीत तो कुठला हे कळतच नाही. व्हर्नच्या डोक्यात आधी तो पोलिश होता, रशियनांनी घरदार संपवलेला, पण प्रकाशक म्हणाला नको, रशियात पुस्तकं खपणार नाहीत. मग नंतरच्या एका कादंबरीत गुपित फोडलं की हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ट्टॉक् म्हणणार होतो पण येत नाही ना.

अडगळीतला_वाचक:

काय लोक आहात राव, मला वाटलं दोन-चार प्रतिसाद येतील. @कवटीगुहा ज्युलीचं सांगितलं तिला. पहिला प्रश्न, मग तिच्यावर वेगळं पुस्तक का नाही. घ्या.

@राधेय_नको मृत्युंजय आमच्याकडे पण आहे, आता उघडायची भीती वाटायला लागली.

तीन_नंबरची_बाई:

मी लहान मुलांना शिकवते म्हणून थोडं वेगळं. हिरो टिकला का हा मोठ्यांचा प्रश्न झाला, मुलांना तो टिकायला नको असतो, वापरायला हवा असतो. २०१७ मध्ये एक अभ्यास आला होता, चार आणि सहा वर्षांची १८० मुलं, त्यांना कॉम्प्युटरवर दहा मिनिटं एक अत्यंत कंटाळवाणं काम दिलं, आणि शेजारी गेम ठेवला, कंटाळा आला तर जा खेळ. काही मुलांना सांगितलं की मधूनमधून स्वतःला विचार, मी नीट काम करतोय का. काहींना स्वतःच्या नावाने विचारायला सांगितलं. आणि काहींना आवडत्या पात्राचं काहीतरी घालायला देऊन सांगितलं की विचार, बॅटमॅन नीट काम करतोय का? सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून राहिली ती बॅटमॅनवाली.

मी हे वर्गात करून बघितलं. एका मुलाला पाढे लिहायचा भयंकर कंटाळा. त्याला विचारलं आज कोण आहेस तू, तो म्हणाला हल्क. म्हटलं ठीक, हल्क सातचा पाढा लिहिणार. त्याने लिहिला, पूर्ण लिहिला, पण पेन्सिल इतकी दाबून की वहीच्या मागच्या चार पानांवर सातचा पाढा उठला. पुढच्या वेळी मी पात्र मीच सुचवणार आहे.

तर दादा, तुमच्या मुलीला वेताळ पटला नाही यात काही बिघडलं नाही. तुम्ही त्याला घालून बघितलात, तुम्हाला बसला. तिला बसत नाही.

गिरकी_मास्टर:

हल्क 😂 मागच्या चार पानांवर

कवटीगुहा:

@तीन_नंबरची_बाई हे बॅटमॅनचं मी उद्या ऑफिसात करणार आहे. वेताळ एक्सेल शीट भरतोय का.

दुय्यम_भूमिका:

@कवटीगुहा वेताळाला पण ते करावं लागतंच की. कवटीगुहेत बसून प्रत्येक वेताळ वही लिहितो ना, आज काय काय केलं त्याची. बाविसाव्याला आधीच्या एकवीस जणांच्या वह्या वाचाव्या लागणार. खरा हिरो तो.

अडगळीतला_वाचक:

शेवटचं अपडेट देतो.

काल संध्याकाळी घरी आलो तर हॉलमध्ये सगळं शांत. शांत म्हणजे धोका, आईवडिलांना माहिती असेल. पोरगी पोटावर पालथी पडून, समोर माझा तो खंड उघडा, हातात काळं जेल पेन. माझ्या पोटात गोळाच आला. मी ओरडणारच होतो पण आधी वाकून बघितलं.

प्रत्येक चौकटीत वेताळाला बुबुळं काढली होती. अगदी नीट, जीभ बाहेर काढून, मुखवट्याच्या पांढऱ्या भागात बरोब्बर मधे एक एक ठिपका. लांबच्या चित्रात जिथे तो मुंगीएवढा आहे तिथे पण. मी विचारलं हे काय केलंस. ती म्हणाली बाबा आता त्याला दिसेल. मी म्हटलं काय दिसेल? तर तिने त्या भाले घेऊन मागे उभ्या असलेल्या लोकांवर पेन टेकवलं, म्हणाली, हे.

सहा पानं झाली आहेत. पेन काढून घेतलं नाही मी. एका चौकटीत मात्र तो चक्क तिरळा बघतोय, घोड्यावर बसून, एक डोळा शत्रूकडे आणि एक माझ्याकडे.